तळं म्हणून गेलो, धरण निघालं : वेल्समधल्या लेक व्हर्नवीच्या काठी दोन रात्री

सावरीचा_कापूस
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मागे कुणीतरी "यूकेत आईवडिलांना घेऊन कुठे जावं, लंडन सोडून" असं विचारलं होतं, तेव्हा लिहीन म्हटलं आणि राहून गेलं. आता सासूबाई परत गेल्यात, घर सुनं आहे, तर लिहून टाकते.

आम्ही लिव्हरपूलला असतो. सासूबाई (वय ७१) सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या चार आठवड्यांत म्युझियमं, मॉल, समुद्र, एक क्रूझ टर्मिनल आणि आमच्या ओळखीच्यांची तेरा घरं एवढं बघून झालं. त्यांना कशाचंच अप्रूप नव्हतं. चवथ्या आठवड्यात एक दिवस म्हणाल्या, "तुमच्याकडं डोंगर न्हाईत का गं?" मग मी मनावर घेतलं.

लेक व्हर्नवी हे वेल्सच्या मध्यभागी, पोविस परगण्यात. लिव्हरपूलहून गाडीने दोन तास, थांबत गेलात तर अडीच. ऑस्वेस्ट्री सोडलं की रस्ता बारीक होत जातो. मध्ये एक गाव लागतं, पाटीवर वाचलं तर लानफिलिन, तिथले लोक म्हणतात लानव्हथ्लिन. त्यानंतर मोबाईलची रेंज जाते ती जातेच. रस्त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत 'आराव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे हळू. माझ्या लेकाने (वय ९) ते वाचून "आई, आरव कोण?" असं विचारलं आणि पुढची वीस मिनिटं गाडीत तेवढंच चाललं.

शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती आणि समोरून ट्रॅक्टर. नवऱ्याने गाडी रिव्हर्स घेतली ती जवळपास पाव किलोमीटर. डावा आरसा झुडपात घासला गेला तो गेलाच. मागून सासूबाई शांतपणे : "आमचा यष्टीचा डायव्हर याच्यापेक्षा बारक्या घाटात मागं घ्यायचा." नवरा त्यानंतर हॉटेल येईपर्यंत बोलला नाही.

आणि मग झाडीतून बाहेर पडलं की एकदम पाणी. लांबच लांब, जवळजवळ साडेसात किलोमीटर. दोन्हीकडे जंगल उतरत आलेलं. हॉटेल उंचावर आहे, दगडी, व्हिक्टोरियन काळातलं, उतारावर ऐसपैस बसलेलं. आमच्या खोलीतून आणि खालच्या दिवाणखान्यातून सगळं तळं दिसतं. काठापासून थोडं आत पाण्यात एक बुरूज उभा आहे, टोकदार हिरवट छपराचा, अगदी परीकथेतल्या किल्ल्यासारखा. पोरगं म्हणालं ड्रॅगन राहत असणार. (वेल्सच्या झेंड्यावर ड्रॅगन आहे, त्यामुळे त्याचं तर्कशास्त्र चुकलेलं नव्हतं.)

आत पाय रुतेल असा गालिचा, शेकोटी, जुन्या खुर्च्या, मासेमारीच्या गळांची आणि जुन्या शिकारींची चित्रं. सासूबाईंच्या अंगावर सुती साडी, वर माझा जांभळा स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. रिसेप्शनवरची मुलगी "क्रोइसो" म्हणाली, म्हणजे वेल्शमध्ये स्वागत. सासूबाईंनी सवयीने नमस्कार केला. तिनेही हात जोडले. झालं, पुढचे दोन दिवस आमच्या वाट्याचं कौतुक सासूबाईंनाच.

आता मुख्य गोष्ट. चारला आफ्टरनून टी होता. तीन मजली ताटली येते : खाली सँडविच, मध्ये स्कोन (गोडसर छोटे पाव), वर केकचे तुकडे. सोबत घट्ट साय आणि जाम. खिडकीजवळचं टेबल मिळालं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज गुरुवार. सासूबाईंचा उपवास! त्यांनी काही न बोलता पर्समधून डबी काढली, दाण्याचा लाडू काढला आणि चहाबरोबर खायला लागल्या. मी इकडेतिकडे बघतेय, बाहेरचं खाणं चालतं की नाही. वाढणारा पोरगा आला, बघितलं, गेला, आणि फुलाफुलांची एक छोटी प्लेट घेऊन आला. लाडूखाली ठेवली. बस एवढंच. एक शब्द नाही.

लाडू खाता खाता त्या बाहेर बघत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "ह्ये तळं न्हाय."
मी म्हटलं, "अहो आई, लेकच आहे. लेक व्हर्नवी."
"ह्ये अडवलेलं पानी हाय. त्यो पट्टा बघ."

मी बघितलं. पाणी आणि झाडी यांच्या मधे सगळीकडून एक उघडी पट्टी होती. मळकट, दगडगोट्यांची, गवताचं पातं नसलेली. दोन हात रुंद असेल, कुठे जास्त. मला तोवर दिसलीच नव्हती. "तळ्याचा काठ हिरवा असतो. पानी चढतं-उतरतं तिथं असला पट्टा पडतो. आमच्या शिवसागराला असाच हाय."

सासूबाई कोयनेकाठच्या. कोयना धरणाचं पाणी, म्हणजे हाच शिवसागर, चढायला लागलं तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. गाव उठलं, त्यांना तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात जमीन मिळाली. हे मला माहीत होतं, म्हणजे लग्नात ऐकलं होतं तेवढं.

मी फोन काढला. रेंज नाही. मग उठून भिंतीवरचे जुने फोटो आणि टेबलावरची माहितीपुस्तिका बघितली. पाण्याखाली गाव आहे. लानूदिन नावाचं. ३७ घरं, १० शेतघरं, एक चर्च, दोन चॅपल, तीन पब. १८८० च्या दशकात धरण बांधलं आणि ते सगळं खाली गेलं. आणि पाणी कुणासाठी अडवलं? लिव्हरपूलसाठी. तो परीकथेतला बुरूज म्हणजे पाणी गाळायची चाळणी. आत तांब्याच्या बारीक जाळ्या, तिथून बोगद्याने आणि नळाने पाणी ११० किलोमीटर आमच्या शहरात.

म्हणजे सासूबाई चार आठवडे आमच्या नळाला जे पाणी पीत होत्या त्यात हे होतंच.

मी सांगितलं त्यांना. वाटलं काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "देऊळ कुठं नेलं त्यांनी?"

पुढचं जेवण झाल्यावर लिहिते. कुकर लावलाय.

टकमक
क्रमशः टाकून कुकर लावायला जाणं हा गुन्हा आहे.

खारीबटर
मस्त लिहिलंय. तो प्लेट आणणारा पोरगा फार आवडला. आमच्याकडे बाहेरचा वडापाव काढला तरी बोर्ड दाखवतात.
प्रश्न : वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागतो का? हसू नका, मामा विचारतायत.

सावरीचा_कापूस
@खारीबटर, नाही हो. यूकेचा व्हिजिटर व्हिसा असला की वेल्स, स्कॉटलंड सगळं आलं. सीमेवर फक्त ड्रॅगनची पाटी येते आणि तिथून पाट्या दोन भाषांत सुरू होतात.
मामा गाडी चालवणार असतील तर एक सांगा : वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडच्या सवयीने ३० ने गेलात तर घरी पत्र येतं.

तर पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई सहालाच तयार. उजाडतं पहाटे पाचच्या आत आणि मावळतं रात्री साडेनवाला, मे अखेरीस. पाण्यावर धुकं होतं, बुरजाचं फक्त टोक दिसत होतं. आम्ही दोघीच खाली उतरलो. बांधावरून रस्ता जातो, गाड्याही जातात. बांध दगडी आहे. काळे-करडे मोठमोठे ओबडधोबड दगड, वर कमानींची रांग, कमानींवर रस्ता. तळं भरलं की पाणी त्या कमानींखालून भिंतीवरून सरळ खाली पडतं. आम्ही गेलो तेव्हा पडत नव्हतं, भिंत नुसती ओली होती, शेवाळाच्या रेघा. सासूबाईंनी कठड्याच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काम चोख हाय." मला हसू आलं. गवंड्याची पोर आहेत त्या, वडील शेती करून गवंडीकाम करत.

नवीन चर्च टेकडीवर आहे. लिव्हरपूल महापालिकेने बांधून दिलेलं. जुन्या चर्चच्या आवारात पुरलेल्यांचे अवशेष पाणी भरायच्या आधी उकरून इथे आणून पुन्हा पुरले. मी हे सांगितल्यावर त्या थबकल्या. म्हणाल्या, "मेलेली मानसं पन नेली?" मग थोड्या वेळाने, "बरं क्येलं."

त्यांच्या गावात देव नेला होता. देव, आणि त्यांच्या बापाने घराची चौकट. आंब्याच्या लाकडाची चौकट उखडून बैलगाडीत घातली, कौलं तिथेच राहिली. आई त्या चौकटीला धरून बसली होती, तिच्यासकट गाडीत चढवली म्हणे. हे सगळं त्या चर्चच्या पायरीवर बसून सांगत होत्या. लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, मी पहिल्यांदा ऐकलं.

फोटो नंतर टाकते, साईज कमी करायला हवी.

निवृत्त_जलसंपदा
उत्तम लेख. काही तांत्रिक भर, चालत असेल तर.

ब्रिटनमधलं पहिलं मोठं दगडी धरण म्हणून व्हर्नवीचं नाव घेतात. कोनशिला जुलै १८८१, पाणी अडवलं १८८८, लिव्हरपूलला पाणी पोचलं १८९२ मध्ये. अभियंते थॉमस हॉक्स्ली आणि जॉर्ज डीकन. उंची पायापासून सुमारे ४४ मीटर, लांबी ३५० मीटरच्या थोडी वर.

आता गंमत. आपलं खडकवासला १८७९ मध्ये पुरं झालं. म्हणजे साहेबाने आपल्या घरी दगडी धरणाची कोनशिला बसवली तेव्हा मुठेवरची दगडी भिंत उभी राहून पाणी देत होती. त्या काळात तिकडे धरणं प्रामुख्याने मातीची. दगडी धरणाचा सराव वसाहतीत आधी झाला असं म्हणायला जागा आहे.

व्हर्नवीचं खरं कौतुक वेगळं आहे. धरणाच्या पायाखाली पाणी झिरपून भिंतीला खालून उचलायला बघतं. त्याला आम्ही उत्थापक दाब म्हणतो. तो कमी करायला इथे पायातच निचऱ्याची सोय ठेवली होती. त्या काळी हा विचार नवीन होता. याकडे दुर्लक्ष झालेली धरणं पुढे युरोपात कोसळली आहेत.

खडूस_आजोबा
खडकवासला फुटलंही होतं, ते पण सांगा.

निवृत्त_जलसंपदा
फुटलं पानशेत. १२ जुलै १९६१. ते नव्याने बांधलेलं मातीचं धरण होतं. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि ते गेलं. ब्याऐंशी वर्षांच्या भिंतीवर वरून एक अख्खं धरण येऊन आदळलं तर तिचा दोष काय?

खडूस_आजोबा
मी तेव्हा नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर होतो. दोष कुणाचा हे विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो.

निवृत्त_जलसंपदा
🙏

कुरकुरे_विचार
मी वाईटपणा घेतो. एका बुडवलेल्या गावाच्या उरावर बसून तीन मजली ताटलीतून स्कोन खायचे आणि "अहाहा, काय नजारा" म्हणायचं, हे कुणालाच खटकत नाही का? उद्या मुळशीच्या काठच्या रिसॉर्टांवरही असाच लेख येईल. त्या धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह कुणाला आठवणार आहे?

टकमक
झालं. हॉटेलचा धागा धरणावर गेला, आता धरणाचा सत्याग्रहावर जाणार. मला फक्त स्कोनमध्ये अंडं असतं का हे हवं होतं.

चकलीताई
@टकमक बऱ्याच ठिकाणी वरून अंड्याचा हात फिरवतात चकाकीसाठी. पिठातही असू शकतं. विचारून घ्यायचं.

सावरीचा_कापूस
@कुरकुरे_विचार, खटकलं. पण खोटं कशाला बोलू, स्कोनही खाल्ला. दोन खाल्ले.

मुळशी आठवली नाही असं नाही. सेनापती बापटांचं नाव नवऱ्यानेच काढलं रात्री जेवताना. फरक एवढाच दिसतो की इथे दरीतली बहुतेक जमीन एका उमरावाची, अर्ल ऑफ पोविसची, होती. तो धरणाच्या बाजूचा. कोनशिलाही त्यानेच बसवली. कुळांनी विरोध करायचा तो कुणाला? बदल्यात नवीन घरं मिळाली, धरणाखाली नवीन लानूदिन वसलं, आजही आहे. दगडी नीटस घरं आहेत. सासूबाईंनी एकेका घराकडे टक लावून बघितलं. "ह्यांना घरं बांधून दिली, आम्हाला माळ दाखवला."

अटलांटिकपार
मी पाच वर्षं वेल्समधल्या बँगोरला होतो, वेल्शचा गंधही नव्हता, आता थोडी येते. @कुरकुरे_विचार यांचा मुद्दा वेल्समध्ये अजिबात विसरलेला नाही, उलट. पण व्हर्नवीपेक्षा तिथे लोक त्रवेरिनबद्दल बोलतात. बाला गावाजवळची दरी. कापेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव, शाळा, पोस्ट, चॅपल. पुन्हा लिव्हरपूलच. १९५७ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी झाला. गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन गेले. १९६५ ला गाव बुडालं. उद्घाटनाला एवढा गोंधळ झाला की कार्यक्रम मिनिटांत गुंडाळला.

कार्डिगन बेच्या बाजूला अबेरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्यालगत एका पडक्या भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "कोविउख द्रवेरिन". त्रवेरिन विसरू नका. कुणी पाडली की लोक पुन्हा बांधतात. २००५ मध्ये लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली.

जाता जाता : लानूदिनमधला 'लान' नुसता ल नाही. जीभ ल म्हणायला टाळूला लावायची आणि आवाज न करता दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मांजर फिस्कारतं तसं.

खारीबटर
ऑफिसात करून बघितलं. शेजारच्याने रुमाल दिला.

निवृत्त_जलसंपदा
एक बाजू मांडतो, मार खायची तयारी ठेवून. लिव्हरपूल त्या काळी जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. दाटीवाटीच्या वस्त्या, तळघरांत राहणारी कुटुंबं, १८३२ पासून कॉलराच्या साथी. दूषित विहिरींवर लाखोंची तहान भागत नव्हती. त्या पाण्याने जीव वाचले हेही खरं. आयुष्यभर मी धरणांवर काम केलं. पाणी पोचतं तिथले लोक मला भेटले ते हार घेऊन. वरच्या बाजूला कधी मुक्काम केला नाही. रेस्ट हाऊस खालच्या अंगाला असायचं.

कुरकुरे_विचार
@निवृत्त_जलसंपदा शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. मी गप्प.

निळावंती
हॉटेलबद्दल विचारू का कुणी? 😀
१) आईबाबांना जिने चढावे लागतात का? २) शाकाहारी काय मिळतं? ३) गाडी नसेल तर? ४) किती पैसे?

सावरीचा_कापूस
@निळावंती तुझे उपकार.

जिने : जुनी इमारत आहे, बुकिंग करतानाच फोन करून सांगायचं की वयस्कर माणूस आहे, लिफ्टजवळची किंवा खालची खोली द्या. आम्ही सांगितलं होतं. आणि 'लेक व्ह्यू' लिहिलेलीच खोली घ्यायची. मागच्या बाजूला झाडी दिसते, ती छानच आहे, पण त्यासाठी इतक्या लांब नको.

खाणं : वेल्समध्ये शाकाहाऱ्यांचे फार हाल होत नाहीत. ग्लामॉर्गन सॉसेज विचारायचं. नाव मांसाहारी, पण आत चीज, लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण, आणि पावाचा चुरा. आपल्या कटलेटचं चुलत भावंड. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज-मोहरीचा टोस्ट. चहाबरोबर 'बारा ब्रिथ' नावाचा प्रकार मिळतो, चहात भिजवलेल्या मनुकांचा पावासारखा केक, वर लोणी लावून. सगळ्यात भारी वेल्श केक. तव्यावर भाजतात, छोट्या चपट्या भाकरीएवढे, मनुका घातलेले. सासूबाईंनी शुक्रवारी चार खाल्ले आणि रेसिपी मागितली. "तवाच हाय की," म्हणाल्या, जणू त्या एका गोष्टीने वेल्स आपल्यात आलं.

गुरुवारच्या रात्रीचं सांगायचं राहिलं. उपवासाला काय द्यावं हे मी वाढणाऱ्या मुलीला समजावत होते. धान्य नको, कांदा नको, बटाटा चालेल, दूध चालेल. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. मग भला मोठा सालासकट भाजलेला बटाटा आला, मधोमध चिरलेला, आत लोण्याचा गोळा, बाजूला दह्याची वाटी आणि फळं. सासूबाई म्हणाल्या इतका चांगला उपवास घरी पण होत नाही.

गाडी नसेल तर : अवघड आहे. रेल्वे वेल्शपूल किंवा इंग्लंडातल्या गोबोवेनपर्यंत, पुढे टॅक्सी आधीच ठरवून ठेवायची. आयत्या वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका, हे एका ओळखीच्या कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. स्टेशनवर तीन तास बसले होते.

पैसे : भाव रोज बदलतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही. शनिवार टाळा, बुधवार-गुरुवार घ्या, बराच फरक पडतो. राहणं झेपत नसेल तर नुसता आफ्टरनून टी आधी नोंदवून जाता येतं. खिडकी तीच.

चकलीताई
दह्याबरोबर बटाटा उपवासाला चालतो, पण मीठ सैंधव होतं का? 😛

सावरीचा_कापूस
पर्समध्ये होतं. त्या पर्समध्ये काय नव्हतं ते विचार.

डोंगरवेडा_सातारा
तळ्याभोवती चालता येतं का? आणि पक्षी?

सावरीचा_कापूस
तळ्याला पूर्ण वळसा घालणारा रस्ता आहे, साधारण बारा मैल. सायकली भाड्याने मिळतात, नवरा आणि लेक गेले. आम्ही दोघी चाललो थोडंसंच. मे महिन्यात झाडांखाली निळ्या फुलांचे सडे असतात, ब्लूबेल. पक्ष्यांचं मला कळत नाही, पण तो सगळा भाग राखीव आहे, पक्षीसंरक्षण संस्थेची निरीक्षण-झोपडी आहे. तिथल्या बाईंनी दुर्बिणीतून ससाणा दाखवला. सासूबाईंना दुर्बीण डोळ्याला लागेना, म्हणाल्या "मला तसाच दिसला." दिसलाही असेल.

जवळच्या जंगलात एक प्रचंड हात आहे. खराखुरा. ब्रिटनमधल्या सगळ्यात उंच झाडांपैकी एक होतं, डग्लस फर, ६३ मीटरच्या वर. वादळात खराब झालं म्हणून २०११ मध्ये वरचं कापलं आणि उरलेल्या बुंध्यात सायमन ओ'रूर्क या शिल्पकाराने आकाशाकडे गेलेला हात कोरला. पोरांना घेऊन जाच. माझा लेक ड्रॅगन विसरला.

परतताना आम्ही बालाकडून आलो. डोंगरातून जाणारा एका गाडीचा रस्ता, मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या, उठत नाहीत. खाली लिन टेगिड, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. सासूबाईंनी काच खाली करून काठ तपासला. "ह्ये खरं."

निवृत्त_जलसंपदा
आईंना सांगू नका, पण टेगिडच्या मुखाशीही दारं आहेत. डी नदीच्या नियमनासाठी पातळी वरखाली करतात. थॉमस टेलफर्ड या जुन्या इंजिनिअरनेही कालव्याच्या पाण्यासाठी तिथे हात घातला होता. तळं मूळचं नैसर्गिक आहे, एवढं त्यांचं बरोबर.

सावरीचा_कापूस
मी नाही सांगणार. तुम्ही सांगा, नंबर देऊ का?

अटलांटिकपार
पाण्याकाठचंच हवं असेल तर पोर्टमेरियनही बघा. द्वअरिड नदीच्या खाडीकाठी क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५ पासून पन्नास वर्षं खपून इटालियन वाटणारं रंगीत गाव उभं केलं. हॉटेल अगदी पाण्याला लागून. १९८१ मध्ये आगीत जळलं, पुन्हा बांधून १९८८ ला उघडलं. तिथे खाली गाव बुडालेलं नाही, भरतीला फक्त वाळू बुडते.
आणि अजून धरणं बघायची असतील तर एलान दरी. तिथलं पाणी बर्मिंगहॅमला.

खारीबटर
बर्मिंगहॅमला माझा मावसभाऊ असतो. आता त्याला नळ उघडताना सुनावतो.

टकमक
पाणी खाली उतरलं की गाव दिसतं का? आपल्याकडे उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं तसं?

सावरीचा_कापूस
दिसतं थोडं, फार कोरड्या उन्हाळ्यात. भिंतींचे पाये, कुंपणांच्या रांगा. घरं धरण भरायच्या आधीच पाडली होती, त्यामुळे देवळासारखं उभं असं काही नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी बऱ्यापैकी होतं. सासूबाई दुसऱ्या संध्याकाळी तासभर त्या खिडकीत बसल्या होत्या, मी पुस्तक वाचत होते. मधेच विचारलं, "ह्यांच्यातलं कुनी बघाया येतं का?" मी म्हटलं आता कोण येणार, सव्वाशेच्या वर वर्षं झाली. म्हणाल्या, "नातवंडांची नातवंडं असत्याल की." रिसेप्शनवर जाऊन विचारू का म्हटलं तर नको म्हणाल्या.

डोंगरवेडा_सातारा
त्यांचं कोयनेकाठचं गाव कुठलं? मी बामणोली, तापोळा बाजूला फिरतो नेहमी.

सावरीचा_कापूस
विचारून सांगते. आज व्हिडिओ कॉल आहे.

सावरीचा_कापूस
झाला कॉल. धागा अख्खा वाचून दाखवला, प्रतिसादांसकट. गावाचं नाव इथे लिहू नको म्हणाल्या, "मानसं येत्यात मग इचारायला." @डोंगरवेडा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.
@खडूस_आजोबा, तुमची चौकशी केलीय त्यांनी. पानशेतचं पाणी किती मजल्यापर्यंत आलं होतं असं विचारतायत.
आणि माझी एक चूक काढली. चौकट आंब्याची नव्हती, फणसाची. आंब्याची असती तर एव्हाना वाळवीने खाल्ली असती. ती आहे अजून. रायगडातल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला बसवलीय. मी लग्न होऊन आल्यापासून तिच्यावर डोकं आपटतेय, इतकी बुटकी आहे. कुठली ते मला आता कळलं.